थैली एकीची, नाटक सगळ्यांचं



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. विषय होता मिरची कांडपाचं यंत्र. बचत थोडी कमी पडत होती. तेवढ्यात गावातल्या एका सधन गृहस्थांनी निरोप पाठवला की सगळे पैसे मी देतो, परतही नकोत. सगळ्यांचे चेहरे खुलले. पण कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी विचारलं, "पैसा त्यांचा, तर यंत्र कुणाचं? आणि उद्या त्यांचं मन फिरलं तर?"

बैठक एकदम गप्प झाली. त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्हाला एका दूरदेशीच्या बाईंची गोष्ट आठवली. सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांनी दोन नाटकघरं उभी केली. एकदा त्या पैसा देणाऱ्या होत्या, एकदा स्वतःच मालकीण. त्यांच्या भागीदारांशी त्यांचं कसं जमलं, कुठे बिनसलं आणि शेवटी काय उरलं, ते आज सांगणार आहोत. नाटकाचा धंदा आपल्यापैकी बहुतेकींना परका आहे. पण चार माणसं, एक थैली आणि एक काम म्हटलं, की प्रश्न तेच असतात.

या बाईंचं नाव ॲनी हॉर्निमन. जन्म १८६० चा, इंग्लंडमधल्या लंडनचा. घर चहाच्या व्यापाऱ्यांचं. त्यांच्या आजोबांनी, जॉन हॉर्निमन यांनी, १८२६ साली चहाचा धंदा सुरू केला. त्या काळी तिकडे चहा सुटा विकत आणि त्यात सर्रास भेसळ होई. आजोबांनी चहा वजन करून, पुडीत भरून, पुडी बंद करून विकायला सुरुवात केली. बंद पुडीवर गिऱ्हाइकाचा विश्वास बसला आणि घराणं श्रीमंत झालं.

घर धार्मिक आणि साध्या राहणीचं. नाटक बघणं तिथे चांगलं मानत नसत. पण ॲनीला नाटकाची गोडी लागली ती लागलीच. मोठेपणी त्या चित्रकला शिकल्या, एकट्या परदेशी फिरल्या. आल्प्सचे डोंगर त्यांनी सायकलवरून ओलांडले, असं सांगतात. लग्न केलं नाही. १८९३ साली आजोबा वारले आणि नातीच्या वाट्याला मोठी रक्कम आली. त्या पैशाचं काय करायचं, हे ठरवायचा हक्क त्यांच्या एकटीचा होता. त्या काळात किती बायकांना तो होता, ते तुम्हीच विचार करा.

पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, लंडनमध्ये फ्लोरेन्स फार नावाच्या मैत्रिणीने नाटकांचा एक हंगाम करायचा ठरवला. पैसा लावला हॉर्निमनबाईंनी, पण नाव न सांगता. घरच्यांना कळू नये, हे कारण. पहिलं नाटक साफ पडलं. मग बर्नार्ड शॉ नावाच्या लेखकाचं नाटक लावलं, ते गाजलं. शॉ यांचं नाटक धंद्याच्या रंगभूमीवर येण्याची ती पहिलीच वेळ. पुढे शॉ जगप्रसिद्ध झाले. हंगाम मात्र तोट्यात गेला. ज्या बाईंच्या पैशावर हे सगळं झालं, त्यांचं नाव कितीतरी वर्षं बाहेर आलं नाही. तोटा झाला तो त्यांचा, नाव झालं ते दुसऱ्यांचं.

आता थोडं थांबून त्या काळच्या नाटकाचा धंदा समजून घेऊ. मोठी नाटकं लंडनला बसत. एखादं चाललं की तेच महिनोन्‌महिने ताणत. मग तेच नाटक घेऊन फिरत्या कंपन्या गावोगाव जात. बाकीच्या शहरांतली नाटकघरं म्हणजे भाड्याने द्यायचे नुसते हॉल. आज ही कंपनी आली, पुढच्या आठवड्यात ती. त्या शहरातल्या माणसांचं जगणं, त्यांची बोली, त्यांची भांडणं कुणाच्याच नाटकात नसत. सगळं वरून तयार होऊन यायचं.

आणि नाटकघराचा खर्च कसा असतो बघा. हॉल भरो की रिकामा राहो, भाडं, दिवाबत्ती, नटांचा पगार, पडदे रंगवणारा, दारावरचा माणूस, सगळ्यांना आठवड्याला पैसे द्यावेच लागतात. आपल्या पापडासारखं नाही की आज खपले नाहीत तर उद्या विकू. आज रिकामी राहिलेली खुर्ची उद्या विकता येत नाही. म्हणून पाठीशी कुणाची तरी थैली लागते.

हॉर्निमनबाईंची पहिली मोठी थैली गेली आयर्लंडला. तिथले कवी विल्यम बटलर येट्स यांच्याशी त्यांची चांगली ओळख होती. येट्स यांची पत्रं-बित्रं त्या काही काळ बिनपगारी सांभाळत, त्यांच्या नाटकासाठी कपडेही त्यांनी तयार केले होते. डब्लिन शहरात येट्स, लेडी ग्रेगरी आणि सिंज ही लेखक मंडळी आपल्या मातीतली नाटकं करू पाहत होती. नट होते हौशी. विल्यम फे विजेची कामं करणारा, त्याचा भाऊ फ्रँक कारकून. दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी तालीम. पण हक्काची जागा नव्हती.

१९०४ साली बाईंनी पत्र लिहून कळवलं की जागा मी देते, भाडं घेणार नाही. जुन्या इमारती घेऊन, दुरुस्त करून ॲबे थिएटर उभं राहिलं. २७ डिसेंबर १९०४ ला पहिला खेळ झाला. गंमत अशी की नाटकाचा सरकारी परवाना त्यांच्या नावावर निघाला नाही, कारण त्या आयर्लंडच्या रहिवासी नव्हत्या. परवाना निघाला लेडी ग्रेगरींच्या नावाने. म्हणजे इमारत एकीची, परवाना दुसरीचा, नाटकं तिसऱ्याची आणि घाम नटांचा. अशा गाठीला सुरुवातीपासूनच पीळ असतो.

पीळ पहिला पडला तिकिटावर. जागा देतानाच बाईंनी लिहिलं होतं की तिकिटाचे दर वाढवता येतील, कमी करता येणार नाहीत. हेतू वाईट नव्हता. स्वस्त करमणुकीचा अड्डा होऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. पण डब्लिनच्या गरीब माणसाला सहा पेन्सच्या तिकिटाची सवय, आणि इथे सगळ्यात स्वस्त जागा एक शिलिंगची, म्हणजे दुप्पट. ज्यांच्या गोष्टी नाटकात होत्या, त्यांनाच आत यायला महाग पडू लागलं. शेवटी १९०६ मध्ये बाईंनी माघार घेतली आणि सहा पेन्सचं तिकीट सुरू झालं.

दुसरा पीळ पगाराचा. नट हौशी होते तोवर सगळे बरोबरीचे होते, मतं घेऊन ठरवत. बाईंनी पगारासाठी पैसे दिले आणि १९०५ मध्ये मंडळीची रीतसर कंपनी झाली. आता तिघे लेखक संचालक आणि बाकीचे पगारी नोकर. पोटापाण्याची सोय झाली, पण शब्दाची किंमत गेली. काही नट सोडून गेले. मैत्रिणींनो, पगार मिळाला म्हणून माणूस खूश राहतोच असं नाही. काल जिला ठरावावर सही करायचा हक्क होता, तिला आज फक्त हजेरीपटावर सही करायची असेल, तर तिच्या मनात काय येईल?

तिसरा पीळ माणसाचा. १९०७ मध्ये बाईंच्या आग्रहावरून बेन आयडन पेन नावाचा तरुण इंग्रज व्यवस्थापक म्हणून आणला. काम जाणणारा होता. पण ज्या विल्यम फे यांनी मंडळी हाताने घडवली, त्यांच्या डोक्यावर तो बसला. काही महिन्यांतच पेन निघून गेले, आणि १९०८ च्या सुरुवातीला फे बंधूही गेले.

आणि शेवटची गाठ तुटली ती एका दिवसाच्या खेळावरून. आयर्लंडवर तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि लोकांत स्वराज्याची ओढ होती. इमारतीत राजकारण नको, हा बाईंचा ठाम आग्रह. ६ मे १९१० ला इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड वारले. दुसऱ्या दिवशी इतर नाटकघरं बंद राहिली, ॲबेमध्ये खेळ झाला. तरुण व्यवस्थापकाने लेडी ग्रेगरींना तार करून विचारलं होतं, पण उत्तर येईपर्यंत वेळ निघून गेली होती. बाईंना वाटलं, हे मुद्दाम केलं. त्यांनी माफीची मागणी केली आणि राहिलेले पैसे अडवले. प्रकरण लवादाकडे गेलं. मँचेस्टर गार्डियन या वर्तमानपत्राचे संपादक सी. पी. स्कॉट यांनी १९११ मध्ये मंडळीच्या बाजूने निकाल दिला. पण बाईंना तो पटला नाही, आणि मग मंडळीनेच पैशावरचा हक्क सोडला.

बघा, सहा वर्षं त्यांनी खुल्या हाताने दिलं, आणि सगळं तुटलं ते एका तारेच्या उशिरामुळे. अडचणीच्या दिवशी निर्णय कुणी घ्यायचा, हे आधी ठरलेलं नव्हतं, आणि मनात संशय होताच. ॲबे मात्र टिकलं. इमारत संचालकांनी बाईंकडून विकत घेतली, आणि ते नाटकघर आजही चालू आहे.

दरम्यान बाईंनी दुसरा डाव मांडला होता. पेन त्यांच्याबरोबर होते. त्यांच्या सल्ल्याने त्या गेल्या मँचेस्टरला.

हे नाव तुमच्या पणजीच्या कानावरून नक्की गेलं असेल. विलायती कापड म्हणजे मँचेस्टरचं कापड. १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, ती याच धंद्याच्या विरोधात. आपल्या बाजारात खपणारं ते कापड जिथे विणलं आणि विकलं जाई, तिथेच हॉर्निमनबाई नाटक घेऊन गेल्या. आजूबाजूच्या गावांत हजारो बायका मागावर काम करत, स्वतःची मजुरी घरी आणत. पण नाटकात त्या कुठेच नव्हत्या.

१९०७ मध्ये एका हॉटेलातल्या छोट्या रंगमंचावर सुरुवात झाली. १९०८ मध्ये बाईंनी गेटी थिएटर विकतच घेतलं. दुरुस्तीला माणूस आणला तो फ्रँक मॅचम, त्या काळी इंग्लंडभर नाटकघरं बांधणारा नामांकित वास्तुरचनाकार. म्हणजे काम साधं, पण बैठक पक्की.

इथे बाई मालकीण होत्या आणि ॲबेच्या अनुभवाने शहाण्याही झाल्या होत्या. त्यांनी काही गोष्टी पहिल्यापासून ठरवल्या. एक, नटमंडळी कायमची ठेवायची, फिरती नाही. दोन, एकच नाटक ताणायचं नाही, बदलत राहायचं. तीन, कुणी मोठा नट नाही की कुणी छोटा नाही. या आठवड्यात जो राजा, तो पुढच्या आठवड्यात दारावरचा शिपाई. आणि चार, या भागातल्या लेखकांनी या भागातल्या माणसांवर लिहिलेलं नाटक आवर्जून लावायचं.

या नियमांचं फळ लवकर दिसलं. सिबिल थॉर्नडाइक नावाची तरुण नटी १९०८ मध्ये मंडळीत आली. मंडळीतल्याच लुइस कॅसन या नटाशी तिचं लग्न झालं. पुढे ती इंग्लंडची थोर अभिनेत्री ठरली. स्टॅन्ली हॉटन वडिलांच्या कापसाच्या धंद्यात काम करायचा, हॅरल्ड ब्रिगहाउसची नोकरीही कापडाच्याच व्यापारात. ॲलन मंकहाउस वर्तमानपत्रात. ही माणसं दिवसा कापड आणि बातम्या बघत, रात्री नाटकं लिहीत. दारापाशीच नाटकघर होतं म्हणून त्यांची नाटकं रंगमंचावर आली.

त्यातलं हॉटन यांचं 'हिंडल वेक्स' हे नाटक १९१२ मध्ये या मंडळीने लंडनला जाऊन केलं. गोष्ट अशी. गिरण्यांना वर्षातून एकदा सुट्टी पडे. त्या सुट्टीत फॅनी नावाची विणकर मुलगी गिरणीमालकाच्या मुलाबरोबर फिरायला जाते. घरी कळतं, बोभाटा होतो. दोन्ही घरची वडीलधारी मंडळी बसून ठरवतात की यांचं लग्न लावून द्यायचं. मालकाचं घर मिळतंय, आणखी काय हवं? पण फॅनीला कुणी विचारलेलंच नसतं. ती साफ नाही म्हणते. माझ्या हाताला मागाचं काम येतं, मी माझं पोट भरीन, नको असलेलं लग्न करणार नाही, असा तिचा रोख. त्या नाटकाने खळबळ उडाली. फॅनी बरोबर की चूक, यावर लोक भांडले. पण मजुरी करणाऱ्या बाईला स्वतःचं मत असतं, हे भर रंगमंचावर कुणीतरी दाखवलं. हे नाटक वरून तयार होऊन आलेलं नव्हतं, त्याच मातीत उगवलेलं होतं.

एवढं चांगलं चाललं होतं, मग बंद का पडलं?

कारण थैली अजूनही एकच होती, आणि शेवटचा शब्दही एकीचाच. पेन १९११ मध्ये सोडून गेले. त्यांच्या जागी कॅसन आले. त्यांनी शेक्सपिअरचं एक नाटक नव्या पद्धतीने बसवलं, ते बाईंना अजिबात आवडलं नाही, आणि कॅसनही गेले. मग १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. माणसं लढाईवर गेली, लोकांना हलकीफुलकी करमणूक हवी होती. तोटा वाढत गेला. १९१७ मध्ये बाईंनी मंडळी मोडली. १९२१ मध्ये इमारत विकली, तिथे सिनेमा सुरू झाला. पुढे १९५९ मध्ये ती पाडलीसुद्धा.

मँचेस्टरच्या माणसांना त्यांच्याबद्दल आदर होता. १९१० मध्ये तिथल्या विद्यापीठाने त्यांना मानाची पदवी दिली होती. गेटीमध्ये दोनशेहून जास्त नाटकं झाली, त्यातली निम्म्याहून जास्त नवी होती. पण इमारत वाचवायला शहर पुढे आलं नाही. का येईल? ते नाटकघर शहराचं कधी झालंच नव्हतं. ते बाईंचं होतं. लोक तिकीट काढून येत, टाळ्या वाजवत, घरी जात. त्यांचा एक पैसाही त्यात भाग म्हणून नव्हता.

आता जवळच्याच लिव्हरपूल शहराकडे बघा. गेटीच्या मंडळीत काम केलेला बेसिल डीन तिथे गेला. तिथल्या लोकांनी मात्र एका थैलीची वाट पाहिली नाही. शेकडो नागरिकांनी छोटे छोटे भाग घेतले आणि १९११ मध्ये आपलं नाटकघर सुरू केलं. युद्ध सुरू झालं तेव्हा तिथल्या संचालकांनाही वाटलं की कुलूप लावावं. पण एस्टेल स्टेड या बाईंच्या पुढाकाराने नटमंडळीने वेगळाच मार्ग काढला. ठरलेला पगार मागायचा नाही, जे उत्पन्न येईल त्यातून खर्च भागवून उरलेलं आपसात वाटून घ्यायचं. अशा रीतीने दार उघडं राहिलं, आणि ते नाटकघर पुढे कित्येक दशकं चाललं.

आम्ही असं म्हणणार नाही की भाग गोळा केले की सगळं टिकतंच. ग्लासगो शहरातही १९०९ मध्ये लोकांनी भाग घेऊन असंच नाटकघर काढलं होतं, ते युद्ध सुरू होताच बंद पडलं. भाग पुरेसे नाहीत. अडचणीच्या दिवशी "हे आपलं आहे, आपण थोडं कमी घेऊ पण चालू ठेवू" असं म्हणणारी माणसं लागतात. आणि तसं तेव्हाच म्हणता येतं, जेव्हा ते खरोखर आपलं असतं.

मग हॉर्निमनबाईंचं चुकलं का? आम्हाला तसं वाटत नाही. त्यांनी पैसा टाकला नसता तर ॲबे उभं राहिलं नसतं, फॅनीची गोष्ट कुणी रंगवली नसती, आणि लिव्हरपूलला जाऊन काम करणारी माणसं तयार झाली नसती. १९३३ मध्ये सरकारने त्यांचा मोठा सन्मान केला, आणि १९३७ मध्ये त्या वारल्या. एकीची थैली काम सुरू करू शकते, हे त्यांनी दाखवलं. पण काम टिकवायचं असेल तर मालकी वाटावी लागते, आणि ती त्यांनी वाटली नाही. पैसा देण्यात त्यांचा हात मोकळा होता, निर्णय देण्यात नव्हता.

आता पुन्हा आपल्या मिरची कांडपाकडे येऊ. त्या गटाला आम्ही ही गोष्ट सांगितली आणि चार प्रश्न लिहून दिले. यंत्राची पावती कुणाच्या नावाने निघेल? दळणाचा दर कोण ठरवेल, आणि तो सगळ्यात गरीब बाईला परवडेल का? यंत्रावर कुणाला बसवायचं, हे बैठकीत ठरेल की बाहेरून सांगितलं जाईल? आणि देणाऱ्याचं मन फिरलं, तर दुसऱ्या दिवशी यंत्र चालू राहील का?

परवा त्या गटाचा निरोप आला. त्यांनी त्या गृहस्थांना चहाला बोलावलं आणि आदराने सांगितलं की सगळे पैसे नकोत. अर्धे आमच्या बचतीतून घालतो, अर्धे तुमचे, तेही उसने म्हणून, हप्त्याने फेडू. पावती गटाच्या नावाने. ठराव वहीत लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या, ज्यांना येत नाही त्यांनी अंगठे उठवले. गृहस्थ आधी जरा नाराज झाले, मग हसले आणि त्यांनीही साक्षीदार म्हणून सही केली. यंत्र यायला आता दोन महिने जास्त लागतील. पण त्या आजी म्हणाल्या, "लागू दे. आलं की आपलंच असेल."

तुमच्या गटातही असा कुणी देणारा आला असेल, किंवा येईल. त्याला नाही म्हणा, असं आम्ही सांगत नाही. पुढच्या बैठकीत हे चार प्रश्न वाचा, बोला, आणि काय ठरलं ते इतिवृत्तात लिहून ठेवा. आम्हालाही कळवा.